दोन इमारतींचे बिनतारी नेटवर्क मुक्त स्रोत प्रणालीवर चालवताना येणाऱ्या अडचणी : मार्गदर्शन हवे आहे

तंत्रसहायक

नमस्कार मंडळी,

एका शैक्षणिक संस्थेच्या नेटवर्कची जबाबदारी गेल्या वर्षभरापासून माझ्याकडे आहे. मुख्य इमारत आणि वसतिगृह यांच्यात सरळ रेषेत साधारण ९०० मीटर अंतर आहे. इंटरनेटची जोडणी मुख्य इमारतीत येते आणि तेथून वसतिगृहाच्या गच्चीपर्यंत ५ गिगाहर्ट्झचा बिनतारी दुवा आहे. वसतिगृहात वाय-फायचा संकेत देणारे ६ ॲक्सेस पॉइंट आहेत. त्यांपैकी तिघांना केबल पोचलेली नाही, त्यामुळे ते शेजारच्या ॲक्सेस पॉइंटकडून वाय-फायनेच संकेत घेऊन पुढे देतात. संध्याकाळी एकूण अडीचशेच्या आसपास उपकरणे जोडलेली असतात.

दोन्ही इमारतींतील राउटरांवर मी ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त स्रोत प्रणाली बसवली आहे. गच्चीवरची दुव्याची उपकरणे मात्र जुनी असून त्यांच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती उत्पादकाने केव्हाच थांबवली आहे. त्यांच्या कूटबद्धतेवर विसंबून राहणे मला योग्य वाटले नाही, म्हणून दोन राउटरांमध्ये वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा कूटबद्ध बोगदा टाकला आणि वसतिगृहाची सगळी रहदारी त्यातून नेली.

आता अडचणी सांगतो. पहिली अशी की, पाऊस पडला किंवा जोराचा वारा सुटला की दुवा डळमळतो. दोन्ही टोकांना संकेताची पातळी उणे ७५ डीबीएम (शक्तीचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका संकेत जोरदार) दिसते, आणि ती चांगली की वाईट हे मला ठरवता येत नाही. दुसरी अशी की, संध्याकाळी कोणी मोठी फाइल वर चढवू लागले की सर्वांचेच काम अडते. एरवी २० मिलिसेकंदांत येणारे पिंगचे (जोडणी तपासणाऱ्या छोट्या संदेशाचे) उत्तर तेव्हा ८०० मिलिसेकंदांपर्यंत जाते. तिसरी अडचण सर्वांत गूढ आहे. वसतिगृहाची वीज जाऊन परत आली की दुवा लगेच जुळतो, पण बोगदा सुरूच होत नाही. लॉगमध्ये एकही चूक नोंदलेली नसते. मुख्य इमारतीतला राउटर बंद करून पुन्हा चालू केला की बोगदा तत्क्षणी चालू होतो. मुख्य इमारतीत बॅटरीची सोय झाल्यापासून हा प्रकार सुरू झाला. त्याआधी दोन्हीकडची वीज एकदमच जात असे आणि सगळे आपोआप सुरळीत होत असे.

याखेरीज सुरक्षिततेची चिंता आहे. कर्मचारी, विद्यार्थी, पाहुणे आणि छपाईयंत्रे या सगळ्यांसाठी एकच पासवर्ड आहे आणि तो दोन वर्षांत बदललेला नाही. व्यवस्थापनाचे मत असे झाले आहे की, हे सर्व काढून एखाद्या कंपनीची तयार, बंद प्रणाली घ्यावी. मला ते पटत नाही, पण वीज गेल्यावर दर वेळी मला धावत जावे लागत असेल, तर मी कोणत्या तोंडाने विरोध करू? कृपया सविस्तर सांगावे.

जुनी_तार

नमस्कार. आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. बोगद्याच्या गूढाविषयी माझ्यापेक्षा जाणकार लोक येथे आहेत. मी पायापासून सुरुवात करतो.

बिनतारी तंत्र जेथे तार नेताच येत नाही तेथे वापरावे आणि जेथे माणूस हातात उपकरण घेऊन फिरतो तेथे वापरावे. एका इमारतीच्या आत दोन ॲक्सेस पॉइंटांमध्ये ते वापरणे ही तात्पुरती सोय असते आणि ती कायमची होऊन बसते. कारण असे आहे की, हवा ही सर्वांची मिळून एकच तार आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. तुमचा केबल नसलेला ॲक्सेस पॉइंट त्याच रेडिओवर एक पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, ऐकतो आणि तेच पॅकेट पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते आणि उपलब्ध वेग निम्म्यावर येतो. अशा तीन कड्या जोडल्या तर काय उरेल याचा हिशेब आपणच करावा. त्या तिघांपर्यंत केबल न्या. केबलमधूनच वीज देणारा स्विच घेतला, तर प्रत्येक खोलीत वेगळा अडॅप्टर लागत नाही, आणि त्या एका स्विचला बॅटरी दिली की सहाही ॲक्सेस पॉइंट वीज गेल्यावर चालू राहतात. ८०२.३एएफ या मानकानुसार एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते, ८०२.३एटीनुसार ३० वॅटपर्यंत. घेतलेल्या ॲक्सेस पॉइंटला किती लागते ते पाहून स्विचची एकूण क्षमता मोजा; पोर्ट पुरतात आणि वॅट अपुरे पडतात, असे वारंवार घडते.

चॅनेलांचे नियोजनही तपासा. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेलांची केंद्रे एकमेकांपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झवर असतात आणि एक चॅनेल निदान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो, त्यामुळे एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच उरतात. चॅनेल ३ किंवा ४ मोकळा दिसतो म्हणून तो निवडणारा माणूस दोन्ही शेजाऱ्यांचा गोंगाट ओढवून घेतो. तसेच प्रक्षेपणाची शक्ती कमाल ठेवू नका. ॲक्सेस पॉइंटचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचा क्षीण आवाज परत पोचत नसेल तर उपयोग नाही. शिवाय दूरच्या ॲक्सेस पॉइंटचा संकेत बरा दिसत राहिल्यामुळे फोन त्यालाच चिकटून बसतो आणि जवळच्याकडे सरकत नाही.

संध्याकाळच्या ८०० मिलिसेकंदांचे कारण मला स्वच्छ दिसते आहे. जोडणी भरली की पॅकेटे मोडेमच्या किंवा राउटरच्या लांबलचक रांगेत उभी राहतात, आणि पिंगचे चिमुकले पॅकेटही त्याच रांगेच्या शेपटाला लागते. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. त्यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आखूड ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल आणि नंतरची केक या दोन्ही लिनक्समध्ये आहेत आणि तुमच्या ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएमचे (रांगांना शिस्त लावणारे) पॅकेज टाकून त्या चालू करता येतात. येथे एकच गोष्ट सांभाळायची. मुख्य इमारतीच्या राउटरवर वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या साधारण ९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग मोडेममध्ये तयार न होता तुमच्या राउटरमध्ये तयार होईल आणि तिची व्यवस्था तुमच्या हाती राहील. दहा टक्के वेग सोडून द्यायला मन तयार होत नाही, पण संध्याकाळी पिंग ८०० वरून ४०-५० वर आलेले एकदा पाहिले की हा सौदा कोणालाही पटतो.

मुक्तजाल

वर जुनी_तार यांनी जे लिहिले त्याला एक पुरवणी आणि थोडा मतभेद. इमारतीच्या आतली केबल सर्वांत चांगली हे मान्य आहे, परंतु बिनतारी साखळीला सरसकट तात्पुरती सोय म्हणणे अन्यायाचे होईल. कॅटालोनियात २००४ मध्ये सुरू झालेले गीफी.नेट आणि जर्मनीतील फ्रायफुंक ही लोकांनी स्वतः उभारलेली जाळी बऱ्याच अंशी बिनतारी दुव्यांवरच वाढली. फ्रायफुंकच्या कार्यकर्त्यांच्या कामातून निघालेले, बिनतारी जाळ्यात पॅकेटांचा मार्ग ठरवणारे बॅटमन-ॲडव्ह २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले. एक मार्ग तुटला तर पॅकेट दुसऱ्या मार्गाने आपोआप वळते, ही त्यातली खरी ताकद आहे आणि कोणत्याही एका केबलला ती नसते.

तुमच्याकडे सध्या जे आहे ते मात्र मेश (प्रत्येक उपकरण अनेक शेजाऱ्यांशी जोडलेले असे जाळे) नव्हे, ते नुसते पुनःप्रक्षेपण आहे. मेश करायचेच असेल तर साखळीसाठी वेगळा रेडिओ आणि वेगळा चॅनेल ठेवावा, म्हणजे वापरणाऱ्यांची आणि साखळीची ओढाताण होत नाही. माझी सूचना अशी की, केबल टाका आणि तीच ॲक्सेस पॉइंटे दुसऱ्या रेडिओवरून ८०२.११एस या मेशच्या मानकाने एकमेकांशी राखीव म्हणून जोडून ठेवा.

जुनी_तार

मुक्तजाल, सूचना चांगली आहे, पण अडीचशे उपकरणांच्या वसतिगृहात एकट्या माणसाने सांभाळायच्या जाळ्यात मी ती आज करणार नाही. केबल आणि मेश दोन्ही एकाच वेळी चालू राहिले आणि लूप टाळण्याची व्यवस्था चुकली, तर एक प्रसारण-पॅकेट गोल गोल फिरत सगळे जाळे बंद पाडते. राखीव मार्ग तेव्हाच ठेवावा जेव्हा तो चालू आहे की नाही हे रोज कळण्याची सोय असते. आधी त्या तिन्ही केबली, मग देखरेख, आणि त्यानंतर राखीव मार्ग, असा क्रम मला योग्य वाटतो.

लहरमापक

गच्चीवरच्या दुव्याविषयी लिहितो. उणे ७५ चांगले की वाईट हे अंदाजाने ठरवायचे नसते. गणित करून अपेक्षित आकडा काढायचा आणि मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. मोकळ्या हवेतील घट डेसिबलमध्ये काढण्याचे सूत्र असे : ३२.४४, अधिक किलोमीटरमधील अंतराच्या लॉगरिदमची २० पट, अधिक मेगाहर्ट्झमधील वारंवारतेच्या लॉगरिदमची २० पट. ०.९ किलोमीटर आणि ५५०० मेगाहर्ट्झ धरले तर घट साधारण १०६ डेसिबल येते. आता समजा तुमच्या उपकरणाची शक्ती १४ डीबीएम आहे आणि दोन्ही अँटेनांची लब्धी (संकेत एका दिशेने एकवटण्याची क्षमता) प्रत्येकी १६ डीबीआय आहे. तर १४ अधिक १६ अधिक १६ वजा १०६, म्हणजे उणे ६० मिळायला हवे. तुम्हाला उणे ७५ मिळते. आपल्या उपकरणांचे खरे आकडे घालून पाहा, पण फरक १५ डेसिबलच्या घरात राहिला, तर पाठवलेल्या शक्तीचा जो वाटा पोचायला हवा होता त्याचा तिसावा हिस्साही पोचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. एवढी शक्ती कोठे तरी सांडते आहे.

पावसाला दोष देऊ नका. ५ गिगाहर्ट्झवर ९०० मीटरांत पावसाच्या थेंबांमुळे होणारी घट नगण्य असते. ती दखल घेण्याजोगी होते १० गिगाहर्ट्झच्या वर. पाऊस आणि वारा या दोन्हींत दुवा डळमळतो यावरून मला तीन जागांचा संशय आहे. पहिली जागा म्हणजे झाडे. समोरची गच्ची डोळ्यांना दिसते एवढ्याने भागत नाही; दोन अँटेनांमधील रेषेभोवती फ्रेनेल क्षेत्र नावाचा लंबवर्तुळाकार पट्टा असतो, आणि त्याचा निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. तुमच्या अंतराला मध्यभागी त्याची त्रिज्या साधारण साडेतीन मीटर येते, म्हणजे रेषेच्या सर्व बाजूंनी किमान दोन मीटरांवर फांदी नको. कोरडी पाने थोडे सोसून घेतात, ओली पाने संकेत गिळतात. दुसरी जागा म्हणजे खांब. वाऱ्याने खांब अंशभर जरी वळला तरी अरुंद झोताच्या अँटेनाची दिशा चुकते, आणि कधी कधी एखादी अँटेना मुख्य झोताऐवजी बाजूच्या दुय्यम झोतावर जुळवलेली असते. तेव्हाही दहा-पंधरा डेसिबल जातात आणि जुळवणाऱ्याला वाटते की जुळणी झाली. हे टाळायचे तर अँटेना दोन्ही बाजूंना पुरेशी फिरवून सर्वांत उंच शिखर शोधावे लागते. पहिले शिखर सापडले की थांबायचे नाही. तिसरी जागा कनेक्टर. तो उघडून पाहा. आत हिरवट गंज किंवा ओल दिसली तर कारण सापडले. नवीन जोड स्वतःत मिसळून एकजीव होणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा आणि केबल उपकरणात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, आत जात नाही.

आणखी एक तपासणी करा. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर रडार ऐकू आला तर उपकरणाने तो चॅनेल सोडलाच पाहिजे असा नियम असतो, आणि तशा नव्या चॅनेलवर बोलण्यापूर्वी निदान ६० सेकंद नुसते ऐकावे लागते. दुवा बरोबर मिनिटभर तुटून परत येत असेल तर लॉगमध्ये रडार आढळल्याची नोंद शोधा. हा नियम टाळण्यासाठी उपकरणात दुसऱ्या देशाचा संकेतांक घालण्याचा सल्ला काही लोक देतात. तो अजिबात मानू नका. त्या पट्ट्यात हवामानखात्यांची रडार चालतात.

किल्लीदार

आता बोगद्याचे गूढ. तुमचा वायरगार्ड बिघडलेला नाही, तो आपले काम चोख करतो आहे. वसतिगृहाच्या राउटरचे घड्याळ मागे जाते आहे.

वायरगार्डमध्ये हस्तांदोलनाच्या (जोडणी सुरू करताना दोन्ही बाजूंनी ओळख पटवण्याच्या) पहिल्या संदेशात पाठवणाऱ्याची वेळ लिहिलेली असते. घेणारा प्रत्येक जोडीदाराकडून आलेली सर्वांत अलीकडची वेळ लक्षात ठेवतो, आणि तीच किंवा तिच्याआधीची वेळ असलेला संदेश टाकून देतो. कोणी जुना संदेश टिपून ठेवून पुन्हा पाठवू नये यासाठी ही व्यवस्था आहे. टाकून देताना तो समोरच्याला काहीही कळवत नाही, कारण अनोळखी पॅकेटाला उत्तरच न देणे हे वायरगार्डचे धोरण आहे. म्हणून तुमच्या लॉगमध्ये काही दिसत नाही.

बहुतेक लहान राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. चालू होताना ओपनडब्ल्यूआरटी आपल्या ईटीसी या निर्देशिकेतील सर्वांत नव्या फाइलची वेळ घेऊन तीच आताची वेळ मानते. म्हणजे तुम्ही शेवटची सेटिंग तीन आठवड्यांपूर्वी जतन केली असेल, तर वीज आल्यावर राउटर तीन आठवडे मागे जागा होतो. खरी वेळ त्याला एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने, मिळायला हवी. परंतु तुम्ही सगळी रहदारी बोगद्यातून नेली आहे. म्हणजे वेळ हवी तर बोगदा हवा आणि बोगदा हवा तर वेळ हवी. मुख्य राउटर बंद-चालू केला की त्याची लक्षात ठेवलेली वेळ पुसली जाते आणि तो मागची वेळही स्वीकारतो. पूर्वी दोन्हीकडची वीज एकदम जात होती तेव्हा दोघेही सारखेच विसरत होते. बॅटरी बसल्यावर मुख्य राउटर विसरायचा थांबला, आणि लपलेला दोष वर आला.

उपाय करताना एकावर थांबू नका. मुख्य राउटरवर एनटीपी सेवा चालू करा आणि वसतिगृहाच्या राउटरला वेळ दुव्याच्या थेट पत्त्यावरून, बोगद्याच्या बाहेरून घ्यायला सांगा. तेथे नाव न देता आयपी पत्ताच द्या, कारण नावावरून पत्ता शोधायला डीएनएस लागेल, आणि तोही बोगद्यातून जात असेल तर तुम्ही पुन्हा त्याच फेऱ्यात अडकाल. फायरवॉलमध्ये दुव्याच्या बाजूने यूडीपीचा १२३ क्रमांकाचा (एनटीपीचा) पोर्ट फक्त त्या एका पत्त्यासाठी उघडा. दुसरे असे की, वसतिगृहाच्या बाजूला वायरगार्डचा पोर्ट नेमून दिलेला आहे का ते पाहा. नेमला नसेल तर तो प्रत्येक वेळी नवा निवडला जातो, आणि मुख्य राउटर जुन्या पोर्टवर हाका मारत राहतो. पोर्ट पक्का करून मुख्य बाजूलाही समोरचा पत्ता लिहिला, तर मुख्य राउटर स्वतः हस्तांदोलन सुरू करू शकतो. त्याचे घड्याळ बरोबर असते आणि नुकत्याच जाग्या झालेल्या राउटरला जुने काही आठवत नसते, त्यामुळे ते स्वीकारले जाते. राउटरमध्ये नाणे-बॅटरीवरचे घड्याळ जोडायची सोय असेल तर तेही जोडा. दुव्यावरून येणारी साधी एनटीपी खोटी वेळ देऊन फसवता येते, हे विसरू नका. घड्याळ कोणी पुढे ढकलले तर मुख्य राउटर भविष्यातली वेळ लक्षात ठेवील आणि नंतरचे खरे संदेश नाकारत बसेल.

पासवर्डाविषयी. डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत सामाईक पासवर्ड ज्याला ठाऊक आहे आणि ज्याने दुसऱ्याच्या जोडणीचा क्षण हवेतून टिपला आहे, त्याला त्या दुसऱ्याची रहदारी उलगडता येते. म्हणजे तुमच्याकडे अडीचशे उपकरणे एकमेकांसमोर उघडी आहेत. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ही उणीव भरून काढली. तेथे पासवर्ड माहीत असला तरी टिपून ठेवलेली रहदारी उलगडत नाही. तरीही एकच पासवर्ड सर्वांना देण्याचा मूळ दोष त्याने जात नाही, कारण संस्था सोडून गेलेल्या एका माणसासाठी सर्वांचा पासवर्ड बदलावा लागतो आणि म्हणूनच तो कोणी बदलत नाही.

कर्मचारी आणि विद्यार्थ्यांसाठी ८०२.१एक्स ही प्रत्येकाला वेगळे तपासून आत घेणारी पद्धत घ्या. ती तपासणी करणारा रेडियस सर्व्हर म्हणून फ्रीरेडियस हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते, आणि त्याने प्रत्येकाची ओळख वेगळी होते. शक्य असेल तेथे प्रमाणपत्रावर आधारलेली ईएपी-टीएलएस पद्धत वापरा. नाव आणि पासवर्डाची पद्धत ठेवणार असाल तर प्रत्येक उपकरणात सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची सक्ती करा. ती नसेल तर तुमच्याच नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट उभारणाऱ्याला लोकांचे पासवर्ड शोधण्याजोगी सामग्री विनासायास मिळते. बऱ्याच छपाईयंत्रांना ८०२.१एक्स जमत नाही. त्यांच्यासाठी होस्टएपीडी या ॲक्सेस पॉइंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वाय-फाय नावाखाली वेगवेगळे पासवर्ड देऊन प्रत्येकाला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच जाळ्यातील स्वतंत्र कप्प्यात) टाकता येते. पाहुण्यांचा व्हीलॅन इंटरनेटखेरीज कोठेही जाऊ देऊ नका, आणि राउटर व स्विच यांच्या व्यवस्थापनाचा व्हीलॅन इतर सर्वांपासून तोडा. डब्ल्यूपीएस (पिनने झटपट वाय-फाय जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. वाय-फायचे नाव लपवणे आणि परवानगी असलेल्या उपकरणांच्या मॅक पत्त्यांची (यंत्र-क्रमांकांची) यादी ठेवणे यांवर वेळ घालवू नका. दोन्ही गोष्टी हवेत उघड ऐकू येतात.

एक सूचना मात्र मनापासून : रेडियस सर्व्हर फक्त मुख्य इमारतीत ठेवलात तर दुवा तुटताच वसतिगृहातल्या कोणालाही वाय-फायला जोडताच येणार नाही. त्याची दुसरी प्रत वसतिगृहात ठेवा. सुरक्षिततेसाठी केलेली सोय अशी अडून बसली की लोकच ती काढून टाकण्याचा आग्रह धरतात.

दुरुस्तीपेटी

व्यवस्थापनापुढे काय मांडावे यासंबंधी थोडे. मुक्त स्रोत म्हणजे आपोआप सुरक्षित, असे सांगू नका, कारण ते खरे नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त साधनात जाणूनबुजून घातलेले चोरदार सापडले, तेही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून. तो प्रश्न पडल्यावर त्याला आत पाहता आले, एवढा फरक मुक्त स्रोताने पडला. आणखी एक उदाहरण द्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधील क्रॅक हा दोष जाहीर झाला. दुरुस्ती निव्वळ सॉफ्टवेअरची होती, आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या कुळातील प्रणालीसाठी ती काही दिवसांतच मिळाली. ज्या उपकरणांचा उत्पादक निघून गेला होता ती मात्र तशीच राहिली. तुमच्या गच्चीवरची उपकरणे त्याच अवस्थेत आहेत, हे व्यवस्थापनाला गच्चीवर नेऊन दाखवा.

उपकरणे घेताना ओपनडब्ल्यूआरटीच्या समर्थित उपकरणांच्या यादीत मॉडेलबरोबर आवृत्तीही पाहा. त्याच नावाच्या पुढच्या आवृत्तीत आतली चिप निराळी निघते आणि सगळे मुसळ केरात जाते. निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असल्याशिवाय घेऊ नका. रेडिओच्या चिपमधील फर्मवेअर बहुतेक उपकरणांत बंदच असते, हेही प्रामाणिकपणे सांगा.

तुमच्या जाळ्यातला सर्वांत मोठा धोका मला वेगळाच दिसतो : ते फक्त तुम्हाला कळते. प्रत्येक राउटरच्या सेटिंगांची प्रत राउटरच्या बाहेर ठेवा, कोणती केबल कोठे जाते याचा कागदी नकाशा स्विचच्या कपाटात चिकटवा आणि एक राखीव राउटर तयार करून ठेवा. मग ज्याने हे जाळे उभारलेले नाही अशा एका सहकाऱ्याला तो नकाशा देऊन, तुम्ही शेजारी गप्प उभे राहून, राउटर बदलायला सांगा. तो जेथे अडेल तेथे तुमची नोंद अपुरी आहे. व्यवस्थापन कंपनीकडे वळते ते बहुतेक वेळा याच भीतीने की हा माणूस उद्या नसला तर काय, आणि ती भीती रास्त आहे.

तंत्रसहायक

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. बारा दिवसांत जे झाले ते कळवतो.

किल्लीदार यांचे निदान अक्षरशः खरे ठरले. वसतिगृहाच्या राउटरची वीज मुद्दाम काढून परत दिली आणि चालू होताच तारीख पाहिली : ती १९ दिवस मागची होती, बरोबर ज्या दिवशी मी शेवटचा फायरवॉलचा नियम जतन केला होता त्या दिवसाची. वेळ दुव्यावरून थेट घेण्याची व्यवस्था केली, दोन्ही बाजूंना पोर्ट पक्के केले, आणि तीच चाचणी पाच वेळा घेतली. पाचही वेळा कोणी हात न लावता बोगदा दोन मिनिटांच्या आत जुळला.

लहरमापक यांच्या सूत्रात माझे आकडे घालून अपेक्षा उणे ६१ आली. गच्चीवर जाऊन पाहिले तर वसतिगृहाकडच्या कनेक्टरमधून थेंबभर पाणी निघाले आणि आतली पिन हिरवी पडली होती. जोड बदलल्यावर उणे ६८ झाले. मग अँटेना दोन्ही बाजूंना फिरवत गेलो, तेव्हा आधीच्या जागेपासून बरेच डावीकडे खरे शिखर सापडले आणि उणे ६२ वर स्थिरावले. त्यानंतर दोनदा चांगला पाऊस झाला. दोन्ही वेळा आकडा एका डेसिबलपेक्षा अधिक हलला नाही.

संध्याकाळचे पिंग केक चालू केल्यापासून ४५ मिलिसेकंदांच्या आत आहे. केबल टाकण्याचे आणि केबलमधून वीज देणाऱ्या स्विचचे काम व्यवस्थापनाने मान्य केले. दुरुस्तीपेटी यांच्या सूचनेप्रमाणे ग्रंथालयातील एका सहकाऱ्याला राखीव राउटर बसवायला दिला. ते दोन ठिकाणी अडले : कोणता पोर्ट दुव्याचा हे राउटरवर लिहिलेले नव्हते, आणि व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्ये शिरायचे कसे हे नकाशावर नव्हते. दोन्ही लिहिले. ८०२.१एक्सचे काम केबली झाल्यावर हाती घेईन, आणि रेडियसची प्रत वसतिगृहात ठेवूनच.

किल्लीदार

छान झाले. एक चाचणी राहिली आहे. दोन्ही इमारतींची वीज एकदम गेली आणि मुख्य इमारतीची बॅटरीही संपली, असे समजून दोन्ही राउटर एकत्र बंद करून चालू करा. अशा वेळी बोगदा चुकीच्या वेळेवरही जुळेल, त्यामुळे वरवर सगळे ठीक दिसेल. परंतु मुख्य राउटरचेच घड्याळ मागे असेल तर तो वसतिगृहाला तीच चुकीची वेळ वाटील, आणि डीएनएसच्या सह्या व संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तपासताना ती नाकारली जातील. मुख्य राउटरला बाहेरच्या निदान तीन-चार एनटीपी सर्व्हरांवरून वेळ घेऊ द्या, त्यांपैकी दोघांचे आयपी पत्ते थेट लिहा, आणि स्वतःची वेळ जुळेपर्यंत तो इतरांना वेळ देणार नाही याची खात्री करून घ्या.

तंत्रसहायक

आज रात्री सर्वांना पूर्वसूचना देऊन ही चाचणी घेतो आणि दोन्ही राउटरांची तारीख प्रत्येक मिनिटाला नोंदवून येथे लिहितो.